जोडीचं साल

मी अर्ज लिहून देते. महाडला, कचेरीच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली माझं टेबल आहे. त्याचे तीनच पाय धड आहेत, चौथ्याखाली वीट आहे. सव्वीस वर्षं मी तिथे बसते. आधी हाताने लिहायचे, मग टाइपरायटर घेतला, आता लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. यंत्रं बदलली, पण समोर बसलेल्या माणसाला विचारायचा माझा पहिला प्रश्न काही बदलला नाही: "साल कुठलं?"

या एका प्रश्नावर माणसं जी काय उत्तरं देतात, ती साठवायची म्हटली तर दुसरं टेबल घ्यावं लागेल. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. मी म्हणते, बघू. आज बसलेच आहे, कारण त्यातल्या एका उत्तरावर एका अख्ख्या वाडीचं डोंगरावर राहणं अवलंबून होतं.

* * *

सुरुवात एका आजोबांपासून करते. पोलादपूरकडचे. त्यांना वयाच्या दाखल्यासाठी अर्ज हवा होता. जन्माचं साल विचारलं, तर म्हणाले, आमच्या गावात पहिली एसटी आली त्या साली. मी विचारलं, एसटी कधी आली?

"ड्रायवर मोरे होते, कंडक्टर पवार."

म्हटलं, आजोबा, आडनावांवरून साल कसं कळणार? त्यांनी माझ्याकडे अगदी कीव आल्यासारखं बघितलं.

"दोघांचीबी नावं दिली की तुला. आजून काय देऊ?"

मी हसले. बाजूच्या खुर्चीवर साळवी सर बसले होते, ते मात्र हसले नाहीत. साळवी सर म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले इतिहासाचे सर. रोज सकाळी माझ्या टेबलाशी पेपर वाचायला येतात आणि माझ्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. कुठलाही विषय निघू दे, तिसऱ्या वाक्याला ते रोमला पोचतात. त्या दिवशी पहिल्याच वाक्याला पोचले. पेपर खाली ठेवून म्हणाले, "बाई, हसू नका. आख्खं रोम असंच चालायचं."

* * *

मग दोन दिवस आम्हाला रोम ऐकावं लागलं. तुम्हीही थोडं ऐका, पुढे लागणार आहे.

रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडायचे. एकाच दर्जाचे दोघं, आणि एकाने काढलेला हुकूम दुसऱ्याला थांबवता यायचा. वर्ष संपलं की दोघं पायउतार. रोजच्या व्यवहारात सालाला आकडा नसायचा. 'अमुक आणि तमुक कॉन्सल असताना' असंच म्हणायचं आणि लिहायचं. दारूच्या रांजणावरसुद्धा दोघांची नावं घालायचे, म्हणजे किती जुनी ते कळायचं. आणि या जोड्यांच्या याद्या ठेवलेल्या असायच्या. यादी हरवली तर मागची सगळी सालं हरवली.

आमचा चहावाला दत्ता ग्लास विसळत ऐकत होता. त्याने विचारलं, दोघांचं पटलं नाही तर? सर खूश झाले. म्हणाले, एका वर्षी तसंच झालं. एक कॉन्सल इतका दांडगा निघाला, की दुसरा शकुन वाईट आहेत म्हणत घरात जाऊन बसला. मग लोक थट्टेने दोघांच्या नावांऐवजी त्या सालाला दांडग्याचंच नाव आणि दांडग्याचंच आडनाव लावायला लागले.

दत्ता जरा विचार करून म्हणाला, "आमच्या पंचायतीत तेच की. सरपंच सुलोचनाबाई आणि सरपंच सुलोचनाबाईंचे मिस्टर."

आता खरं सांगायचं तर दत्ताला आणि मला हसायचा काही अधिकार नाही. परवा लॅमिनेशनचं मशीन कधी घेतलं म्हणून एकाने विचारलं, तर मी बिनदिक्कत सांगितलं, "पुराच्या आदल्या वर्षी." त्यावर समोरच्याने विचारलं, "कुठल्या पुराच्या?" महाडकर सगळे असेच.

* * *

त्याच सुमाराला बबन ढेबे आला. बबनची वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या पार माथ्यावर. पंधरा-वीस घरं, म्हशी, थोडी नाचणी. निम्मी पोरं मुंबईला. बबनही बारा वर्षं मुंबईत हॉटेलच्या किचनमध्ये होता, मग बाप गेल्यावर म्हशींसाठी परत आला.

वाडी ज्या जमिनीवर उभी आहे ती वनखात्याची. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना कायद्याने हक्क मिळतो, पण तीन पिढ्या राहत होतो हे दाखवावं लागतं. तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आणि तीही आजपासून मागे मोजायची नाहीत, कायद्याने ठरवून दिलेल्या तारखेपासून मोजायची. म्हणजे जावं लागतं थेट १९३० सालापर्यंत. पुरावे दोन तऱ्हेचे लागतात. एक होता: घरांचे जुने दगडी चौथरे आणि पाण्याची बांधीव कुंडी. दुसरा नव्हता, म्हणून फाईल परत आली होती. तेवढ्यासाठी वाडी हक्काची न ठरता तशीच राहणार होती. उद्या कुणी उठा म्हणालं तर काय दाखवायचं, हा बबनचा साधा प्रश्न होता.

मी म्हटलं, शाळेचे दाखले आण. त्याने गठ्ठाच काढला. दाखले सगळे अलीकडचे, आणि सगळ्यांची जन्मतारीख एक जून. खेड्यातल्या शाळेत असं असतंच, तारीख माहीत नसली की मास्तर एक जून टाकायचे.

बबन म्हणाला, मुंबईला त्याच्या किचनमध्ये वाडीचे पाच जण होते. मॅनेजर भला माणूस. एक जूनला केक घेऊन आला, बघतो तर पाचही जण सुरी धरायला पुढे. विचारतो, अरे, तुम सब भाई हो क्या?

"मी बोललो, नाय सर. सगळे एकाच मास्तरचे."

* * *

दाखले बाजूला ठेवून मी वंशावळ लिहायला घेतली. बापाचं जन्मसाल विचारलं. माहीत नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण त्याने एका दमात सांगितलं, "राघू-धाकलू जोडीचं साल."

सरांच्या हातातला चहा पॅन्टवर सांडला.

मग बबनला बोलतं केलं. वाडीत दोन आळ्या, वरची आणि खालची. दर शिमग्याला प्रत्येक आळीतून एक माणूस निवडायचा. त्या दोघांना जोडी म्हणतात. सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, गुरं कधी चढवायची, पाण्याची पाळी कशी, होळीचं लाकूड कुठलं तोडायचं, हे सगळं वर्षभर जोडीने ठरवायचं. दोघांपैकी एक नाही म्हणाला तर ते काम होत नाही. पुढच्या शिमग्याला नवी जोडी. आणि सालाला नाव जोडीचं.

सर उठून उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, शिमगा मार्चात येतो ना? रोमचे कॉन्सलही एके काळी मार्चातच कामाला लागायचे, नंतर ते जानेवारीत गेलं. मी म्हटलं, सर, रोम राहू दे. बबन, या जोड्यांची यादी आहे का?

यादी नाही, म्हणाला. बायकांचं गाणं आहे. शिमग्याला माहेरवाशिणी होळीसमोर उभ्या राहून सगळ्या जोड्या पहिल्यापासून म्हणतात, मगच नवी जोडी बसते. पुरुषांना येत नाही.

मी विचारलं, अरे, मग हे आधीच का बोलला नाहीस? तर म्हणाला, "तुमी कागद मागितला ताई. हे कागदावर कुठं हाय?"

मला त्याचा राग आला आणि स्वतःचा जास्त आला. सव्वीस वर्षं साल विचारते आहे, आणि असं काही विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

* * *

येत्या रविवारी वर जायचं ठरलं. सरांचे गुडघे गेलेले, वय बहात्तर. मी म्हटलं, तुम्ही खाली उमरठला थांबा, मी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणते.  रविवारी पहाटे सर स्टँडवर काठी आणि पाण्याची बाटली घेऊन माझ्याआधी हजर होते.

उमरठपासून वर चढ आहे तो चढच आहे. सर दर दहा पावलांनी विचारायचे, अजून किती? बबन दरवेळी सांगायचा, हे काय, आलंच. दीड तासाने सर एका धोंड्यावर बसले आणि म्हणाले, "बबन, तुझ्या वाडीचं अंतर पण जोडीच्या नावाने सांग, निदान खरं तरी असेल."

वर भागाआजी वाट बघत होती. भागाआजी वाडीची लेक, पलीकडच्या डोंगरावर दिलेली, सध्या माहेरी राहायला आलेली. ती दावेदार नाही, म्हणून तिचा जबाब कायद्याने चालतो. वय विचारलं तर जोडीचं नाव सांगितलं. पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. अंगणात उभी राहिली, सोबतीला दोन नाती घेतल्या, आणि सुरू झाली. एकेक जोडी एका श्वासात. मधूनच एखाद्या जोडीला एखादं वाक्य चिकटलेलं. एका ठिकाणी म्हणाली, "सोनू-बाळू, भर दुपारी उजेड मेला, गुरं आपली आपण वळली." पुढे एका ठिकाणी, "गंगाराम-लखू, लखू कड्यावरनं गेला, विठू बसला."

सरांनी हात वर केला. विठू बसला, मग त्या सालाला गंगाराम-विठू का नाही म्हणत?

आजी म्हणाली, "साल लखूनं धरलं व्हतं. मेला म्हनून काढून घ्याचं काय?"

रोमची चाल हीच होती म्हणे. कॉन्सल मध्येच गेला तर दुसरा बसवायचे, पण साल बहुतेक वेळा पहिल्यांच्याच नावावर राहायचं. सरांनी ते आम्हाला सांगितलं, पण हळू आवाजात. त्यांचे डोळे भरले होते. चाळीस वर्षं जे पुस्तकातून शिकवलं, ते समोर अंगणात उभं होतं.

* * *

आता जोड्या पाठ आहेत म्हणून आकडे थोडेच मिळतात? यादीचं एक तरी टोक कॅलेंडरला बांधायला हवं. सर म्हणाले, रोमच्या याद्यांनाही असाच आधार शोधतात. कुठे ग्रहण नोंदलेलं सापडलं, की ते गणिताने नेमकं काढता येतं.

भर दुपारी उजेड मेला. सरांनी चार दिवस शोधलं आणि पाचव्या दिवशी टेबलावर कागद आपटला. बावीस जानेवारी १८९८. खग्रास पट्टा आपल्या दक्षिणेकडून गेला होता, पण आपल्याकडेही सूर्य जवळजवळ झाकला होता, आणि वेळ दुपारची.

मी सोनू-बाळूपासून यंदाच्या जोडीपर्यंत मोजलं. एकशे अठ्ठावीस. कॅलेंडरवर १८९८ पासून यंदापर्यंत मोजलं. एकशे अठ्ठावीस! मी सरळ प्रिंटर चालू केला.

सर म्हणाले, थांबा.

मी विचारलं, आता काय?

"ग्रहण जानेवारीतलं. जोडी बसते शिमग्याला, म्हणजे मार्चात. मग सोनू-बाळू बसले आदल्या साली. एकशे एकोणतीस हव्यात. एक कमी आहे."

मी वैतागले. म्हटलं, सर, जुळलंय ना, मग जुळू द्या की. हे कोण तपासायला बसलंय? सर म्हणाले, कुणी तपासणार नाही म्हणूनच आपण तपासायचं. खोट्या बेरजेवर वाडी उभी केली तर ती एका प्रश्नात खाली येईल. आणि कागद त्यांनी खिशात घातला. तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते रोज येऊन शांतपणे पेपर वाचत होते.

* * *

चौथ्या दिवशी मी हट्टाने कानात हेडफोन घालून सगळं पुन्हा ऐकायला बसले. एकेक जोडीला कागदावर एक रेघ. सोनू-बाळूपासून बावीस रेघा झाल्या आणि आजी थांबली. दम घेतला असेल म्हणून मी पहिल्या वेळी सोडून दिलं होतं. पण या वेळी लक्षात आलं, की त्याच ठिकाणी दोन्ही नातीही थांबल्या होत्या. तिघी एकदम गप्प आणि तिघी एकदम सुरू.

बबनला फोन लावला. त्याने आजीच्या हातात दिला. मी विचारलं, आजी, तिथे तुम्ही का थांबता?

आजी म्हणाली, तिथं गप बसायचं असतं. मानमोडीची साथ आली, दोन्ही आळ्यांतली जाणती माणसं गेली. पुढच्या शिमग्याला बसवायला जोडीच नव्हती. होळी बायकांनी पेटवली.

मी विचारलं, मग ते साल मोजायचं का?

"माणसं नव्हती गो. साल व्हतंच की."

मी तेविसावी रेघ मारली. मला रडू आलं, आणि कचेरीसमोर भर गर्दीत मी ते पुसलंही नाही. सरांनी खिशातून तो कागद काढला. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची मोठी साथ, तिचं साल त्यांना पाठच होतं. १९१८. बाविसावी जोडी तिथेच येत होती, आणि तेविसावी गप्प जागा पुढच्या शिमग्याला. एकूण एकशे एकोणतीस.

मग मात्र सर म्हणाले, "आता चालवा प्रिंटर."

* * *

शेवटी पाहणीचा दिवस आला. दावा तपासणारे कचेरीतले साहेब स्वतः डोंगर चढून आले, घामाने निथळत. सोबत वनखात्याचे गार्ड. आजीचा जबाब अंगणात झाला. साहेबांनी मध्येच थांबवून विचारलं, देश स्वतंत्र झाला त्या साली जोडी कोण? आजीला देशाचं माहीत नव्हतं. सरांनी बोटांवर मोजून सांगितलं, सोनू-बाळूपासून एक्कावन्नावी. आजीने नातीच्या बोटांवर मोजत तिथपर्यंत म्हटलं, नाव सांगितलं, आणि आमच्या कागदावर एक्कावन्न नंबरला तेच होतं. साहेबांनी गप्प जागेचंही विचारून घेतलं आणि लिहून घेतलं. चौथरे पाहिले, कुंडीत हात घालून पाहिला. अहवाल लिहिला आणि सही केली.

मग कागद गार्डपुढे ठेवला. गार्ड म्हणाले, आज नको, वर विचारून सांगतो. त्यांचं चुकत होतं असं नाही. सही त्यांची, उद्या जाब त्यांनाच विचारणार. पण 'आज नको' हे बबन तिसऱ्यांदा ऐकत होता.  तो कुंडीकडे तोंड करून उभा राहिला.  त्या सहीशिवाय फाईल पुन्हा तिथेच अडणार होती.

साहेबांनी अहवाल आजीला वाचून दाखवला. शेवटी स्वतःचं नाव वाचलं. आजीने विचारलं, "तुजा जोडीदार कोण?"

साहेब म्हणाले, "आजी, मी एकटाच असतो."

"तू बदलून जाशील. मंग ह्या सालाचं इचारायचं कुणाला?"

 साहेबांनी गार्डला हुकूम केला नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी नुसतं पेन कागदावर ठेवलं. गार्डनी कागद ओढला, पहिल्यापासून सगळा वाचला, गप्प जागेपाशी जरा थांबले. मग पेन उचललं आणि साहेबांच्या सहीशेजारी सही केली. खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला.

आजीने दोघांना नावं विचारली. आडनावं नको म्हणाली.

"विनायक-सुरेश," तिने एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा, एका श्वासात. आणि दारात उभ्या असलेल्या नातींकडे वळली.

"पाठ करा गो."